नियम कापलेत, पण भलतेच

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाचताना ती माझीच दहा वर्षांपूर्वीची गोष्ट वाटली. तुम्ही नागपुरात दर दुसऱ्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये लोकांना जमवून मिनिएचर वॉरगेम, म्हणजे टेबलावर छोटे सैनिक मांडून फाशांवर लढायची लढाई, खेळवता. मूळ नियमपुस्तक जाडजूड, म्हणून त्याचे चार पानी सोपे नियम तयार केलेत आणि ते प्रश्नासोबत टाकलेत. पहिल्या खेपेला नऊ जण आले, दुसऱ्या खेपेला सहा, आणि परवा तिघं. त्यातला एक तुमचा चुलतभाऊ. आता विचारताय की नियम अजून सोपे करून दोन पानांवर आणू का.

नका आणू. चार पानं अजिबात जास्त नाहीत. माझे नियम साडेतीन पानांचे आहेत आणि चौदा वर्षांच्या मुलीपासून रिटायर झालेल्या काकांपर्यंत सगळे त्यावर खेळतात. तुम्ही कापायला बसलात ते बरोबरच, पण कात्री भलतीकडे चालली.

तुमच्या चार पानांत राहिलं काय ते बघा. गोळीबाराचे तीन टप्पे जसेच्या तसे आहेत: आधी नेम लागला का याचे फासे, मग जखम झाली का याचे, मग समोरच्याच्या बचावाचे. शस्त्रांचा तक्ताही आहे, अठरा ओळींचा. आणि उडवलं काय? सेनापतीला एका टर्नमध्ये किती तुकड्यांना हुकूम देता येतो तो भाग, आणि मार खाल्लेली तुकडी कच कधी खाते तो भाग. ‘हे नवख्यांना जड जाईल’ असं तुम्ही लिहिलंय. माझा अनुभव नेमका उलटा आहे. नवख्याला हिशोब जड जातो. पेच त्याला आवडतो, पेचासाठीच तो आलेला असतो. तुम्ही हिशोब ठेवला आणि पेच काढून टाकला.

आता तुमच्या टेबलावर काय होत असेल ते मी न बघता सांगते. माणसाची पाळी आली की तो आपल्या सगळ्या तुकड्या पुढे सरकवतो, सगळ्यांनी गोळ्या झाडतो, मूठभर फासे टाकतो, वेचतो, पुन्हा टाकतो. ठरवायचं काहीच नसतं. लुडोतसुद्धा चारपैकी कुठली सोंगटी चालवायची याचा विचार करावा लागतो. मग त्याची पाळी संपते आणि पुढची वीस मिनिटं तो मोबाइल बघतो.

एक आधीच कबूल करते. तुमच्याकडे येणारी माणसं कोण आहेत यावर बरंच काही अवलंबून आहे. ज्यांना मुळात सैनिक रंगवायचे आहेत आणि खेळ हे निमित्त आहे, त्यांना माझं निम्मं उत्तर लागू नाही. त्यांना चार तास चालणारा खेळही गोड लागतो, कारण टेबलावर आपली फौज उभी बघणं हाच त्यांचा आनंद असतो. आठ-दहा वर्षांची पोरं असतील तर हुकुमाचे नियम खरंच बाजूला ठेवा, त्यांना तोफेनं काहीतरी पाडू द्या. माझं जे काही म्हणणं आहे ते मिश्र मंडळींबद्दल आहे: सहा ते आठ जण, त्यातले दोन-तीन दर वेळी नवीन, हातात अडीच-तीन तास, आणि एकाला तरी सात वाजता बायकोला धरमपेठेतून घ्यायचंय.

मी अकरावी-बारावीला गणित शिकवते, त्यामुळे पहिलं काम मी घड्याळ घेऊन केलं. एका रविवारी खेळायला बसलेच नाही. कोपऱ्यात खुर्ची टाकली आणि एका मुलाच्या नावानं वही उघडली. तो विचार करतोय किंवा आपले सैनिक हलवतोय, असा वेळ तेवढा लिहायचा. तीन तासांत त्याच्या वाट्याला एकोणीस मिनिटं आली. बाकी वेळ तो दुसऱ्यांचे फासे मोजलेले बघत होता. तो पुन्हा आला नाही आणि मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही.

तुमचा हिशोब घेऊ. सहा खेळाडू, प्रत्येकाचे एका फेरीत साधारण दोन गोळीबार, म्हणजे बारा. तीन टप्प्यांच्या एका गोळीबाराला फासे गोळा करणं, टाकणं, लागलेले वेगळे काढणं, तक्ता बघणं धरून दीड मिनिट सहज जातं. एका फेरीत अठरा मिनिटं झाली. आठ फेऱ्यांची लढाई धरली तर नुसत्या गोळीबारात दोन तास चोवीस मिनिटं गेली. यात कोणी एक इंचही पुढे सरकलेलं नाही.

आणि एवढं करून मिळतं काय? तुमच्याच नियमांप्रमाणे बारा जणांची तुकडी बारा फासे टाकते. नेम चार किंवा वर लागतो, म्हणजे निम्मे, सहा. जखम चार किंवा वर, म्हणजे तीन. बचाव चार किंवा वर, म्हणजे सरासरी दीड माणूस पडतो. आता तक्ता मिटून ठेवा आणि त्या तुकडीला तीनच फासे द्या, चार किंवा वर पडलं की एक माणूस पडला. सरासरी? दीड. समोरचा भिंतीआड असेल तर तुमच्याकडे बचाव तीनवर होतो आणि सरासरी एकावर येते. माझ्याकडे आडोसा असला की तीन फाशांना पाच किंवा वर लागतं. सरासरी पुन्हा एक. एका गोळीबाराला वीस सेकंद पुरतात, आणि मघाचे दोन तास चोवीस मिनिटं बत्तीस मिनिटांवर येतात.

फुकट काहीच मिळत नाही, इथेही नाही. बारा फाशांच्या पद्धतीत पाचपैकी एका वेळी एकही माणूस पडत नाही, आणि क्वचित कधी पाच-सहा एकदम पडतात. तीन फाशांत कोणीच न पडण्याची शक्यता आठात एक, आणि तीनच्या वर पडूच शकत नाहीत. म्हणजे खेळ थोडा सपाट होतो. ज्याला एकदम सहा माणसं पाडण्याची मजा हवी असते तो कुरकुर करतो. आमच्याकडे एक जण दोन वर्षं करत होता. त्याच्यासाठी मी एक सूट ठेवली: तिन्ही फाशांवर सहा पडला तर समोरची तुकडी थेट एक घर, म्हणजे टेबलावर आखलेला एक चौकोन, मागे. दोनशे सोळा वेळांत एकदा होतं ते. पण झालं की अख्खा हॉल ओरडतो.

वाचलेला वेळ पेचावर खर्च करायचा. हुकुमाची कल्पना माझी नाही. १९९० साली इंग्लंडमध्ये डीबीए नावाचे प्राचीन लढायांचे नियम निघाले. दोन्ही बाजूंना बारा-बारा छोट्या तुकड्या, दोन फूट बाय दोन फुटांचं टेबल, तासाभराचा खेळ. त्यात दर टर्नला सेनापती एक फासा टाकतो आणि तो आकडा पडेल तेवढ्याच हालचाली करता येतात. एक पडला तर एकच. एवढा एक फासा अख्ख्या सैन्याला खऱ्या माणसांसारखं वागायला लावतो. वाटेल तेव्हा वाटेल ते करणारी फौज जगात कुठेच नव्हती, हे कोणाला भाषण न देता कळतं.

आमच्याकडे एका बाजूला तिघं असतात आणि प्रत्येकाकडे चार तुकड्या. सामायिक फासा ठेवून पाहिला, तर तिघांची तिथेच ग्रामसभा भरायची. म्हणून आता ज्याचा त्याचा फासा. एक-दोन पडले तर एका तुकडीला हुकूम, तीन-चारला दोन तुकड्यांना, पाच-सहाला तीन. चारही तुकड्यांना एकदम हुकूम कधीच मिळत नाही, ही यातली गोम आहे. ज्यांना हुकूम मिळाला नाही त्या जागच्या जागी गोळी झाडू शकतात, हलू शकत नाहीत. त्यामुळे फासा वाईट पडला तरी माणूस हात बांधून बसत नाही.

हे कसं दिसतं ते सांगते. मागच्या महिन्यात एक काका पहिल्यांदा आले होते, मुलाला सोडायला म्हणून, आणि बसले. त्यांचं घोडदळ तोफेच्या तोंडासमोर उघड्यावर सापडलं होतं. त्याच वेळी नाल्याच्या काठावरची पायदळाची तुकडी पलीकडे गेली असती तर पूल हातात आला असता. फासा टाकला, दोन. एकच हुकूम. काकांनी हात पुढे नेला, मागे घेतला, चष्मा काढला, पुसला. टेबलाभोवती सगळे गप्प. समोरच्या बाजूचा पोरगा हळूच म्हणाला, “घोडे वाचवा काका, पूल कुठी जात नाही.” काका म्हणाले, “तू म्हणतोस म्हणजे पूलच घ्यायला पाहिजे बे.” घोडदळ गेलं. काका मात्र तेव्हापासून दर रविवारी येतात, मुलगा येत नाही. त्या अर्ध्या मिनिटासाठी लोक पुन्हा येतात, आणि तुमच्या चार पानांत ते अर्धं मिनिट येण्याची सोयच नाही.

याच कल्पनेचा एक कडक प्रकार आहे. प्रत्येक तुकडीसाठी दोन फासे टाकायचे, ठरलेला आकडा आला नाही तर तुमची सगळी पाळी तिथेच संपली. दोघांच्या खेळात तो मजा आणतो. सहा जणांच्या टेबलावर मी तो वापरून पाहिला आणि हात पोळून घेतले. एका मुलाची सलग तीन टर्न पहिलीच फेक फसली. दर वेळी पंधरा मिनिटं वाट बघायची आणि पाच सेकंदांत पाळी संपायची. चौथ्या टर्नला तो “तर्री पोहे खाऊन येतो” म्हणून उठला आणि थेट घरी गेला. वापरायचाच असेल तर फसलेली तुकडी तेवढी थांबवा, माणसाची पाळी थांबवू नका.

दुसरा पेच धीर सुटण्याचा. इथेही तक्ता लागत नाही. टर्नच्या शेवटी, ज्या तुकडीनं त्या टर्नमध्ये मार खाल्ला असेल तिच्यासाठी एक फासा टाका. तिला आजवर एकूण जितका मार बसलाय त्यापेक्षा जास्त पडलं तर ती टिकली. नाहीतर एक घर मागे, शत्रूकडे पाठ. एकच मार बसलेली तुकडी सहात एकदा डगमगते, तीन बसलेली निम्म्या वेळा, पाच बसलेली जवळजवळ दर वेळी. सहा झाले की उचलून ठेवा. नियम एका ओळीचा आहे, आणि दमलेली तुकडी पुढे ठेवायची की मागे काढायची हा प्रश्न दर टर्नला उभा राहतो. मार मोजायला तुकडीमागे तुरीच्या डाळीचे दाणे ठेवा. आम्ही सुरुवातीला फुटाणे ठेवायचो. दुसऱ्या तासाला सगळ्या तुकड्या आपोआप ठणठणीत व्हायला लागल्या तेव्हा लक्षात आलं की कोणीतरी खातंय.

आणि लढाई शेवटच्या माणसापर्यंत लढू नका. डीबीएमध्ये बारापैकी चार तुकड्या गेल्या की सहसा खेळ आटोपतो. आमच्याकडेही प्रत्येक बाजूला बारा तुकड्या असतात, चार गेल्या की फौज मोडली. खऱ्या लढायाही अशाच संपतात, आणि सात वाजता धरमपेठेत पोचायचं असलेल्या माणसाला निकाल बघून निघता येतं. निकाल न लागता आवरलेला खेळ माणसं तोडतो, हे मी पैजेवर सांगते. ‘पुढच्या वेळी इथूनच सुरू करू’ म्हणून टेबलाचे फोटो काढून ठेवलेले माझ्याकडे आहेत. एकही लढाई पुन्हा सुरू झाली नाही.

हा झगडा तुमचा-माझा नाही, जुना आहे. प्रशिया या जर्मन राज्यात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्यानं १८२४ साली सैन्यातल्या अधिकाऱ्यांसाठी नकाशावरचा युद्धखेळ नियमांसह छापला. नेमके तक्ते, फासे, अंतरं, सगळं होतं त्यात. पुढे अधिकारी त्या तक्त्यांत इतके गुंतले की १८७६ मध्ये व्हेर्डी द्यू व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्यानं तक्ते बाजूला ठेवून अनुभवी पंचाला निकाल देऊ द्या, असा मार्ग मांडला. खेळ वेगवान झाला, पण सगळा भार पंचावर आला. पंच चुकला किंवा कोणाच्या बाजूचा निघाला तर बोंब. मी दोन्हींच्या मधे उभी आहे. रोजच्या मारामारीला फासा, आणि नियमात नसलेलं काही कोणी विचारलं, म्हणजे ‘ताई, मी झोपडी पेटवू शकतो का?’, तर पंच. मी शक्यता सांगते, तो फासा टाकतो, पुढे चालू. नियमपुस्तक उघडायचं नाही, अगदी मला उत्तर माहीत असलं तरी.

म्हणूनच म्हणते, यजमानानं स्वतः खेळू नये. निदान पहिले सहा महिने. तुम्ही परवा खेळलात आणि जिंकलात, असं तुम्हीच लिहिलंय. नियम तुमचे, सैनिक तुमचे, टेबल तुमचं आणि जिंकलातही तुम्हीच. काय बोलू?

मोजमापाबद्दल थोडंच सांगते. टेप काढून टाका. ‘पाव इंच कमी पडतंय’ या वादात दर रविवारी दहा मिनिटं जातात आणि थोडी मैत्रीही जाते. चार फूट बाय तीन फुटांच्या हिरव्या कापडावर सहा-सहा इंचांचे चौकोन आखून घ्या, आठ बाय सहा घरं होतात. रेघा नको असतील तर फक्त कोपऱ्यांवर ठिपके द्या, फोटोत दिसतही नाहीत. पायदळ एक घर, घोडदळ दोन, बंदुकीचा पल्ला दोन, तोफेचा पाच. बुद्धिबळ येणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

सैनिकांच्या खर्चाचं तुम्ही विचारलंय. बाहेरून मागवलेले अठ्ठावीस मिलिमीटरचे सैनिक सुरेख असतात, पण प्रत्येक बाजूला बारा तुकड्या म्हटल्या की खिसा फाटतो, आणि नवख्याला ‘आधी विकत घे, मग खेळ’ म्हणणं म्हणजे दार लावून घेणं. बहात्तरास-एक मापाचे, म्हणजे खऱ्या माणसाच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढे, मऊ प्लास्टिकचे सैनिक एका डब्यात चाळीस-पन्नास येतात, ते पुरतात. त्याहून स्वस्त म्हणजे जाड कागदावर छापलेले उभे सैनिक. आणि दिवाळीच्या आधी बाजारात किल्ल्यावर मांडायचे मावळे येतात ते विसरू नका. ते ओबडधोबड असतात, माप एकसारखं नसतं, तलवारी मोडतात. पण आमची पहिली फौज त्यांचीच होती आणि आजही नव्या मुलांना तीच जास्त आवडते. तळाला हार्डवेअरच्या दुकानातले वायसर चिकटवा, वजन येतं आणि सैनिक पडत नाहीत. रंगवायचं असेल तर तीन रंग आणि वरून पातळ केलेल्या तपकिरी रंगाचा एक हात. खाचांमध्ये रंग साचतो आणि दोन हात लांबून चेहरा दिसायला लागतो. यापुढे जायचं असेल तर तो वेगळा छंद आहे, चांगला आहे, पण त्यासाठी लढाई थांबवू नका.

वजनाचं मी उगाच सांगितलं नाही. आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे पंचेचाळीस डिग्री, आणि हॉलमध्ये एक जंगी कूलर. पहिल्या उन्हाळ्यात मी थर्माकोलची झाडं आणि कागदी सैनिक टेबलावर मांडले आणि कोणीतरी कौतुकानं कूलरचं तोंड टेबलाकडे वळवलं. अख्खी आघाडी भिंतीला जाऊन चिकटली. तेव्हापासून टेबल कूलरला आडवं लावते आणि हुकुमाची कार्डं लॅमिनेट करून ठेवते, नाहीतर दमट हवेत पापडासारखी वळतात. रंगकाम मे महिन्यात दुपारी करू नका, रंग ब्रशवरच वाळतो.

इथवर आलात तर एकदा पुन्हा जुळवून घ्या: तीन टप्प्यांच्या जागी एक फेक, प्रत्येकाला अपुरे हुकूम, एका ओळीचा धीराचा नियम, एक तृतीयांश गेली की फौज मोडली, आणि तुम्ही पंच. पानं तीनच होतील, पण तो योगायोग समजा.

आता प्रसंग कोणता खेळवायचा. ‘दोन फौजा समोरासमोर, मारा’ असा खेळ तिसऱ्या रविवारी शिळा होतो. आणि तुम्ही तर नागपुरात बसलाय. सीताबर्डी तुमच्या हॉलपासून फार तर अर्ध्या तासावर असेल. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला तिथे भोसल्यांची फौज आणि ईस्ट इंडिया कंपनीची पलटण यांच्यात जी लढाई झाली, ती जणू टेबलासाठीच घडली होती. शेजारी शेजारी दोन टेकड्या, एक मोठी, एक लहान. त्यांवर कंपनीचे लोक, दीड हजाराच्या आसपास. समोर आप्पासाहेब भोसल्यांची त्याच्या दहापटीहून मोठी फौज, त्यात कडवे अरब शिपाई. रात्रभर गोळीबार चालला, सकाळी अरबांनी लहान टेकडी घेतली. तिथून मोठी टेकडी माऱ्यात आली. मग कॅप्टन फिट्झगेराल्डच्या बंगाल घोडदळानं खालच्या मैदानात धडक मारून तोफा घेतल्या, लहान टेकडी कंपनीनं परत मिळवली आणि दुपारपर्यंत पारडं फिरलं.

सहा जणांत हे मी असं मांडते. कंपनीकडे दोन खेळाडू, आठ तुकड्या: दोन लहान टेकडीवर, चार मोठ्या टेकडीवर, एक तोफ, एक घोडदळ. भोसल्यांकडे चार खेळाडू, सोळा तुकड्या. उरलीच कुठे लढाई, असं वाटेल. पण भोसल्यांच्या तीन खेळाडूंना हुकूम कमी: एक ते तीन पडले तर एकाच तुकडीला, चार ते सहाला दोन. चौथा अरबांचा, त्याला नेहमीचे हुकूम. आप्पासाहेबांचं मन शेवटपर्यंत दोलायमान होतं, ते या एका फरकात येतं. फौज मोठी, पण ती एकदम हलत नाही. कंपनीच्या घोडदळाला पूर्ण खेळात एकदाच, हुकूम नसतानाही, दोन घरं धडक मारता येते. ती कधी मारायची हा कंपनीवाल्याचा पेच. चढणीवर लढणाऱ्याला टेकडीवरच्यापेक्षा एक फासा कमी. आठ फेऱ्या. शेवटी दोन्ही टेकड्या कंपनीकडे राहिल्या तर कंपनी जिंकली, लहान टेकडी भोसल्यांकडे असेल तर भोसले. एक तृतीयांशाचा नियम इथे कंपनीला लावू नका, नाहीतर तिसऱ्या फेरीतच आटोपतं. तिला निम्म्यावर मोडू द्या.

पहिल्यांदा खेळवलं तेव्हा मी लहान टेकडीवर तीन तुकड्या ठेवल्या होत्या. टेकडी पडेचना. अरबांचा खेळाडू वैतागून म्हणाला, “काहून ताई, इतिहासात तर आम्ही घेतली होती ना!” एक तुकडी कमी केली तेव्हा गणित बसलं. आता आमच्याकडे ती साधारण तिसऱ्या-चौथ्या फेरीत पडते, आणि पुढचा सगळा खेळ ती परत घेता येते का यावर चालतो. तुमच्या खेळाडूंप्रमाणे तुम्हाला एखादी तुकडी इकडची तिकडे करावी लागेल. तीनदा खेळवल्याशिवाय बदलू नका. एका वाईट फाशाच्या रविवारवरून नियम बदलणं ही माझी जुनी चूक आहे.

मोठ्या टेकडीवर आता किल्ला आहे, लष्कराच्या ताब्यात. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला तो लोकांना बघायला खुला असतो. एकदा मंडळींना घेऊन चढा. वरून स्टेशनच्या बाजूला बघितलं की चढणीवर एक फासा कमी का, हे कोणी विचारत नाही. आम्ही १५ ऑगस्टला गेलो होतो, पावसात, आणि परत आल्यावर लगेच टेबल मांडायला लागलं.

एक अडचण मात्र येणार, आधीच सांगून ठेवते. नागपूरच्या टेबलावर कंपनीची बाजू घ्यायला कोणी पुढे येत नाही. आम्ही चिठ्ठ्या टाकल्या, तर ज्याची निघाली तो म्हणाला माझं डोकं दुखतंय. शेवटी तोडगा असा काढला की खेळ दोनदा खेळायचा, दीड-दीड तास, मधे चहा, आणि बाजू बदलायच्या. लहान टेकडी ज्यानं कमी फेऱ्यांत घेतली तो खरा जिंकला. पण पहिल्या डावाला तरी कोणीतरी लागतंच. तुमचा चुलतभाऊ आहे ना, तो नाही म्हणणार नाही. त्याला फिट्झगेराल्डचं घोडदळ द्या.